पृथ्वीच्या पोटात काहील नाही

मागच्या अंकात एका लहान मुलाच्या पत्राला उत्तर देताना मी घाईत लिहून गेले, "आपल्या पायाखाली गुऱ्हाळातल्या काहिलीसारखा रस उकळतोय आणि त्यावर सायीसारखी जमीन तरंगतेय." छापून आल्यावर वाचलं आणि जीभ चावली. कॉलेजात तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलेल्या बाईनं असं लिहावं? या महिन्याच्या टपालात बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरचीच आहेत. पहिला मान अर्थातच ज्यांची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, मी उसनी घेतली त्यांचा.

करवीर तालुक्यातले एक गुळव्या लिहितात: "बाई, मी तीस वरसं काहिलीवर हाय. तुमी म्हंता खाली रस उकळतोय. आमच्या मळ्यात साडेतीनशे फूट बोअर मारली, पाणीच लागलं, तेबी थोडंच. मग तुमचा रस गेला कुठं?"

मामा, हरले. रस तिथं नाहीच.

तुमची बोअर साडेतीनशे फूट, म्हणजे शंभर मीटरच्या आसपास. रशियात कोला नावाच्या ठिकाणी माणसानं १२ किलोमीटरहून खोल भोक पाडलं. तळाशी उष्णता १८० अंशांवर गेली, पण दगड दगडच राहिला. आणि पृथ्वीच्या केंद्रापर्यंत जायचं तर ६,३७१ किलोमीटर उतरायला हवं. त्या हिशोबानं कोलाचं भोकसुद्धा कलिंगडाच्या सालीवर नखाचा ओरखडा.

मग खाली घट्ट आहे की पातळ, हे कळलं कसं? भूकंपानंच सांगितलं. मोठा धक्का बसला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या आरपार जातात. त्यातली एक जात अशी की ती द्रवातून जाऊच शकत नाही. ही लाट कवचाखालच्या जाड थरातून, म्हणजे प्रावरणातून, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत बिनधोक जाते. अर्थ सरळ आहे: तिथवर घन दगड. त्याच्याही खाली वितळलेल्या लोखंडाचा थर आहे, पण ज्वालामुखीतून येतो तो रस तिथला नव्हे.

म्हणून काहील सोडून द्या आणि तुमच्याच गुऱ्हाळातला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, घ्या. हातोडीनं फोडला तर टवके उडतात, म्हणजे घन. तोच रवा पावसाळाभर कोपऱ्यात ठेवला तर बूड पसरून बसतो. कुणी वितळवला नाही, तरी वाहिला. प्रावरणाचा दगड असाच आहे, क्षणाला कडक आणि लाखो वर्षांच्या हिशोबात मऊ. तो वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो आणि वरच्या थंड कवचाचे मोठमोठे तुकडे, म्हणजे भूपट्ट, त्यासोबत सरकतात. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येला जातो, अंगठ्याएवढा. मी चौथीत होते तेव्हापासून आजवर आख्खं कोल्हापूर अंबाबाईच्या देवळासकट जवळजवळ तीन मीटर सरकलंय आणि गल्लीतल्या कुणालाही पत्ता नाही.

रव्याची आणखी एक खोड तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आषाढात दमट हवा लागली की त्याला पाझर फुटतो. चुलवाण पेटवावं लागत नाही, ओल पुरते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या पत्राचं उत्तर तिच्यातच आहे.

गडहिंग्लजहून नववीतली एक मुलगी लिहिते: "आमच्या नकाशात भूकंपाचे ठिपके आणि ज्वालामुखीचे त्रिकोण जपानपासून चिलीपर्यंत बरोबरच आहेत. पण हिमालयात ठिपकेच ठिपके आणि त्रिकोण एकही नाही. छपाईची चूक आहे का? सर म्हणाले, परीक्षेला येणार नाही."

चूक नाही गं. आणि परीक्षेला येणार नाही हे तर फारच चांगलं, निवांत वाचता येईल.

आपण भूकंप आणि ज्वालामुखी यांना भावंडं समजून बसलोय. भूकंप म्हणजे दगड तुटणं किंवा तुटलेल्या जागी एकदम घसरणं. ज्वालामुखी म्हणजे दगड वितळून वर येणं. दोन्ही वेगळ्या घटना आहेत, फक्त त्यांचे पत्ते बऱ्याचदा सारखे असतात. दगड तुटायला ताण पुरतो, आणि भूपट्ट जिथं एकमेकांना भिडतात, घासतात किंवा दूर होतात तिथं ताण भरपूर. म्हणून ठिपके कडांवर दाटतात. वितळायचं मात्र तसं सोपं नाही.

तू म्हणशील, खाली इतकं गरम आहे तर दगड वितळत का नाही? वरून पडणाऱ्या दाबामुळे. घरातला प्रेशर कुकर बघ. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, तरी दाबाखाली पाणीच राहतं. दाब सुटला की फस्सकन वाफ. दगडाचंही तेच. गरम दगड वर चढत आला आणि दाब उतरला की थोडा वितळतो. भूपट्ट एकमेकांपासून दूर होतात तिथं असं घडतं. समुद्राच्या तळाशी अशा डोंगररांगा हजारो किलोमीटर पसरल्यात. जगातला बराचसा लाव्हा तिथं, कुणाच्या नजरेला न पडता, बाहेर येतो. ती रांग पाण्यावर डोकं काढते ते आइसलँड. आफ्रिका पूर्वेकडे फाटत चाललीय, म्हणून किलिमांजारो आणि न्यिरागोंगो तिथं.

दुसरी तऱ्हा गुळाच्या रव्याची. पॅसिफिक महासागराचा तळ जपानच्या बाजूला वर्षाला ८ सेंटिमीटरच्या आसपास वेगानं जमिनीखाली घुसतो. तो तळ कोट्यवधी वर्षं पाण्यात भिजलेला, त्याच्या खनिजांतसुद्धा पाणी मुरलेलं. सुमारे शंभर किलोमीटर खोल गेल्यावर ते पाणी पिळून निघतं आणि वरच्या गरम दगडात शिरतं. कोरडा असता तर त्या उष्णतेला दगड वितळला नसता, ओला झाला की वितळतो. (मामा, गूळ ओलीत विरघळतो आणि दगड वितळतो, हा फरक मला माहीत आहे. पुढच्या महिन्यात त्यावर पत्र नको.) हा शिलारस हलका असल्यानं वर चढतो आणि किनाऱ्याला समांतर ज्वालामुखींची माळ तयार होते. जपानात असे जिवंत ज्वालामुखी शंभराहून जास्त आहेत. घुसणारा तळ वरच्या भूपट्टाला अडकतो आणि शेकडो वर्षांनी सुटतो, तेव्हा ११ मार्च २०११ सारखा ९ तीव्रतेचा भूकंप होतो. म्हणून तिथं ठिपका आणि त्रिकोण शेजारी शेजारी. इंडोनेशिया, फिलिपिन्स, जपान, अलास्का, मेक्सिको, चिली अशी पॅसिफिकभोवतीची ही ४०,००० किलोमीटरची कड. जगातले सुमारे तीन चतुर्थांश जिवंत ज्वालामुखी आणि बहुतेक सगळे महाभूकंप तिच्यावर आहेत. मोजला गेलेला सर्वांत मोठा भूकंप, ९.५ तीव्रतेचा, २२ मे १९६० रोजी चिलीत झाला, तोही याच कडेवर.

आता हिमालय. तिथं समुद्राचा तळ उरलेलाच नाही. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता, त्याचा तळ आशियाखाली घुसून संपला. आता खंडाला खंड भिडलाय. दोन्ही हलके, त्यामुळे समुद्रतळासारखं खोल बुडायला कुणी तयार नाही, आणि भिजलेला दगड खाली नेणारंही कुणी नाही. शिवाय तिथलं कवच दुमडून सत्तरेक किलोमीटर जाड झालंय, चुकून काही वितळलं तरी वर यायला वाट नाही. ताणाची मात्र काय कमतरता! १९०५ सालचा कांगडा, १९३४ सालचा बिहार-नेपाळ, १५ ऑगस्ट १९५० चा ८.६ तीव्रतेचा आसाम, २५ एप्रिल २०१५ चा नेपाळ, सगळे या एकाच रेटारेटीचे.

आणि गंमत सांगू? टेथिसचा तळ घुसत होता तेव्हा तिथंही त्रिकोण होते. कधी लेहला गेलीस तर गावाभोवतीचे करडे-पांढरे ग्रॅनाइटचे डोंगर नीट बघ. त्या जुन्या ज्वालामुखींच्या माळेची ती मुळं आहेत, वरची झाडं केव्हाच झिजून गेली. नकाशात छापता येत नाही इतका जुना त्रिकोण.

आजचा जिवंत त्रिकोण भारतात एकच, अंदमानातलं बॅरन बेट. तिथं भारतीय भूपट्टाचा समुद्री भाग खाली घुसतो, म्हणून. दीडशेच्या वर वर्षं गप्प बसून १९९१ साली तो पुन्हा जागा झाला. त्याच कडेवर दक्षिणेला, सुमात्राजवळ, २६ डिसेंबर २००४ ला ९.१ चा भूकंप झाला आणि त्सुनामी आली.

उलटे अपवादही तुझ्या नकाशात सापडतील. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भ्रंशावर, म्हणजे जमिनीतल्या तडा गेलेल्या जागी, दोन भूपट्ट नुसते एकमेकांना घासून जातात. तिथं ठिपके आहेत, त्रिकोण नाहीत. २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात हजारो माणसं मेली तीही अशाच घासाघाशीत. आणि हवाई बेटं भूपट्टाच्या ऐन मधोमध असूनही लाव्हा ओकतात, कारण खालून गरम दगडाचा एक खांब वर येतो. सरांना हे तीन अपवाद विचार. रागावले तर माझं नाव सांग.

शाहूवाडी तालुक्यातले एक शेतकरी विचारतात: "आमचं गाव वारणेकाठी. रात्री-बेरात्री हादरे बसतात, पत्रे वाजतात. धरणाच्या पाण्यानं जमीन हलते हे खरं का? आणि असं हलता हलता एखाद्या दिवशी लाव्हा बाहेर पडेल का?"

दुसऱ्याचं उत्तर आधी, म्हणजे रात्री झोप लागेल: लाव्हा पडणार नाही. वितळण्याच्या ज्या तऱ्हा वर सांगितल्या, त्यांतली एकही आपल्याकडे आज चालू नाही. तुमचे हादरे ८-१० किलोमीटर खोलीच्या आतल्या दगडाचे आहेत. कडक, थंड, तुटका दगड.

पहिल्याचं उत्तर लांब आहे, आणि माझ्या लहानपणापासून सुरू होतं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. शिवाजी पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर. फडताळातली पितळेची भांडी एकदम अंगावर आली आणि कंदील पेंगणाऱ्या माणसासारखा झुलायला लागला. आजी म्हणाली, शेषानं कूस बदलली. वडिलांनी आम्हाला चादरीसकट रस्त्यावर आणलं. डिसेंबरची थंडी, आख्खी पेठ अंगणात. सकाळी दूध आणायला गेले तर गवळी सांगत होता, म्हशींनी आज पान्हा चोरला. मग हळूहळू बातमी आली की कोयनानगर पडलं. तीव्रता ६.३, दोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या भिंतीला वरच्या भागात तडे गेले, पण भिंत उभी राहिली. ती पडली असती तर कृष्णाकाठी काय झालं असतं, याचा विचार आमच्या पिढीनं फार वर्षं मनातल्या मनात केलाय.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागलं १९६२ च्या सुमाराला, आणि थोड्याच दिवसांत त्या भागात बारीक हादरे सुरू झाले. जलाशयामुळे चाळवल्या गेलेल्या भूकंपांत १९६७ चा कोयना भूकंप जगातला सर्वांत मोठा मानतात. पुढे वारणेवर चांदोलीचं धरण झालं, १९८५ पासून भरत गेलं, आणि १९९३ पासून हादऱ्यांचा पट्टा दक्षिणेला तुमच्याकडे सरकला. तेव्हापासून तुमचे पत्रे वाजतायत.

पण 'पाण्यानं जमीन हलते' हे अर्धंच खरं. जमीन हलवण्याइतकी ताकद पाण्यात नाही. ताकद आहे ती भारतीय भूपट्ट हिमालयावर रेटला जातोय त्याची. तो रेटा मागं, म्हणजे आपल्यापर्यंत, पोचतो. कोयनेजवळ जुने भ्रंश आहेत, जमिनीतल्या तडा गेलेल्या जागा. त्यांच्या दोन बाजू घर्षणानं एकमेकींना धरून बसल्यात, ताण वाढतोय, सुटायला निमित्त हवंय. जलाशयाचं पाणी फटींतून खाली झिरपतं, फटीतला दाब वाढतो आणि दोन्ही बाजूंची पकड सैल होते. चिखलात अडकलेली बैलगाडी बैलच ओढतात, चाकाखाली पाणी ओतलं की ती सुटते, एवढंच. पावसाळ्यात जलाशय भरल्यावर धक्क्यांची संख्या वाढते, हे बऱ्याच वर्षांच्या नोंदींत दिसलंय. ज्या भागात हे सगळं घडतं तो साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० रुंद, म्हणजे पन्हाळ्यापासून कोल्हापूर आणि थोडं पुढं. एवढ्याशा जागेत ५ किंवा त्याहून मोठे वीसेक धक्के साठ वर्षांत बसलेत.

भूकंप जन्मतो तिथं जाऊन बघायचं, असं जगात फार थोड्या ठिकाणी जमण्याजोगं आहे. कोयना त्यातलं एक. कराडला केंद्र सरकारची भूवेधन प्रयोगशाळा आहे. त्यांनी कोयनेजवळ ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. वरचा काळा दगड, आपली काळवत्री, सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा कितीतरी जुना खडक लागला. भूकंप त्या जुन्या खडकात होतात, आपल्या काळवत्रीत नव्हे. मला विचाराल तर मुंबई-पुण्यातली मुलं नासाची टोपी घालून हिंडतात, त्यांना एकदा त्या भोकातून काढलेला नुसता दगडाचा गाभा दाखवायला हवा.

तीव्रतेचा आकडा चढतो कसा, तेही सांगून ठेवते. एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट. त्या हिशोबानं २००४ चा सुमात्रा भूकंप आमच्या ६७ च्या धक्क्याच्या पंधरा-सोळा हजार पट होता. हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं होतं, मग आजीचा शेष नुसता शिंकलाच असणार.

राजारामपुरीतून एक गृहिणी: "आमचे हे म्हणतात, जोतिबाचा डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी. आकारच सांगतो. पैज लागली आहे."

वहिनी, पैज तुम्ही जिंकलात, पण अर्धीच. दगड ज्वालामुखीचाच आहे. जोतिबा, पन्हाळा, अंबाबाईच्या देवळाचे खांब, तुमच्या परसातला पाटा, सगळा लाव्हा. पण तो जोतिबाच्या तोंडातून आलेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा उसाच्या शेतात पाणी सोडावं तसा पसरत गेला. एक थर, मग विश्रांती, मग दुसरा. विश्रांतीत वरचा थर कुजून झालेली लाल माती डोंगर कापून काढलेल्या रस्त्यांच्या कडेला पट्ट्यासारखी दिसते. असे थरांवर थर चढून सह्याद्रीत दोन किलोमीटरच्या आसपास जाडी झाली. आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर तो दगड आहे. जोतिबाला तो आकार दिला पावसानं आणि ओढ्यांनी, आजूबाजूचं खरवडून. पन्हाळ्यावर वरून जांभ्याची टोपी आहे, तीही याच दगडाची कुजून झालेली.

मग तो लाव्हा थांबला का? चूल जागेवर राहिली, पातेलं पुढं सरकलं. भारत उत्तरेकडे निघून गेला आणि खालचा तो गरम खांब समुद्रात राहिला. वाटेत त्यानं लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस यांचे पाये घातले. आज तो हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून वरचेवर पेटतो. यजमानांना तिकीट काढायला सांगा, जोतिबाची चूल तिथं बघायला मिळेल.

रंकाळ्यावर फिरायला येणारे एक आजोबा विचारतात की रंकाळा भूकंपानं झाला का. आजोबा, इथं दगडाची खाण होती, हजारेक वर्षांपूर्वी भूकंप झाला आणि खाणीत पाणी भरलं, असं जुने लोक सांगत आलेत. भूकंपानंतर झरे फुटणं, विहिरी आटणं किंवा भरणं हे जगभर होतं, तेव्हा गोष्ट अशक्य कोटीतली नाही. यापुढं मी जात नाही. तुम्ही नातवाला जशी सांगता तशीच सांगत राहा.

शेवटी, तीन-चार जणांनी एकच मोबाइलवरचा निरोप पाठवलाय: "उद्या पहाटे कोल्हापुरात ७.२ चा भूकंप, नासाचा इशारा." दिवस, वेळ, ठिकाण आणि आकडा सांगून भूकंपाचं भाकीत करणं आजवर कुणालाही जमलेलं नाही, नासाला नाही आणि मला तर नाहीच. निरोप पुसून टाका.

त्याऐवजी भिंतीकडे बघा. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला धक्का बसला तो कोयनेएवढाच, पण जवळजवळ दहा हजार माणसं गेली. विसर्जन करून थकून झोपलेल्या लोकांवर मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन फुटी भिंती कोसळल्या. किल्लारी कुठल्याच भूपट्टाच्या कडेवर नाही, हेही नकाशावाल्या मुलीनं टिपून ठेवावं. आपल्या पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती याच जातीच्या आहेत. दोन्ही अंगांना बांधणारे लांब दगड मधूनमधून आहेत का, कोपरे एकमेकांत गुंफलेत का, छपराचं लाकूड भिंतीत नीट रुतलंय का, हे चांगल्या गवंड्याला दाखवून घ्या. आणि खाटेवरच्या फळीवरून पितळेची भांडी काढून खाली ठेवा. आईनं ती १९६७ च्या त्या सकाळी काढली, ती पुन्हा वर गेली नाहीत. अजून माझ्या ओट्याखाली आहेत.